पश्चिमेच्या भिंतीला फायबर सिमेंटचं क्लॅडिंग: निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

कोकणातल्या घराची पश्चिमेची भिंत हे एक स्वतंत्रच प्रकरण असतं. बाकीच्या तीन भिंती कितीही खडखडीत असोत, आषाढात वारा समुद्राकडून सुटला की पाऊस उभा पडत नाही, आडवा येऊन भिंतीवर आपटतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गणपतीपर्यंत आतल्या रंगाला पोपडे आलेले असतात, कपाटाच्या पाठीला बुरशी धरलेली असते. पूर्वी यावर माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत, मग पत्रे आले, मग निळी ताडपत्री आली. आता बरेच जण फायबर सिमेंटच्या पट्ट्या किंवा बोर्ड लावून घेतात. भिंतीवर बाहेरून चढवलेल्या या आवरणाला क्लॅडिंग म्हणतात. काम चांगलं होतं, पण ते करून घेणाऱ्याला चार गोष्टी ठाऊक असतील तरच.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची आधीच सांगतो. भिंत कोरडी ठेवते ती बोर्डामागची पोकळी. बोर्ड फक्त पावसाचा मारा झेलतो. त्याच्या सांध्यांतून थोडंफार पाणी आत जाणारच. ते पाणी बोर्डाच्या पाठीवरून खाली ओघळून बाहेर पडावं आणि मागे वारा खेळता राहावा, यासाठी ही सगळी खटपट असते. ‘पोकळी कशाला, थेट भिंतीवरच चिकटवून देतो, स्वस्तात पडेल’ असं म्हणणारा ठेकेदार भेटला तर चहा पाजावा आणि दुसरा शोधावा.

आधी ओल कुठून येते ते बघा

क्लॅडिंग भिंतीचा रोग बरा करत नाही. ओल उन्हाळ्यातही जात नसेल तर ती पावसाची नाही. न्हाणीघराची पाइप, टाकीचा पाझर किंवा जोत्यातून वर चढणारं पाणी यापैकी काहीतरी आहे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पट्टा ओला असेल तर बहुतेक वेळा जोत्याकडूनच पाणी चढतं आहे, असं समजा. वरून डाग उतरत असतील तर आधी छताच्या कठड्याचा माथा आणि छज्जाचा सांधा तपासा. अशा भिंतीवर बोर्ड चढवला की रोग झाकला जातो, आणि दोन पावसाळ्यांनी तो आतल्या बाजूने उगवतो.

ओल खरंच पावसाच्या माऱ्याची असेल तर पुढे जा. भिंतीतल्या भेगा भरून घ्या, सुटलेला गिलावा खरवडून पुन्हा करा आणि त्यावर बाहेरच्या भिंतीसाठी मिळणारं वॉटरप्रूफ कोटिंग मारून घ्या. एकदा फ्रेम, म्हणजे बोर्ड ज्यावर बसवायचे तो दांड्यांचा सांगाडा, चढली की ही भिंत पुन्हा हाताला लागणार नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाहेरची भिंत तुमच्या एकट्याची नसते. सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय ड्रिल लावू नका.

काय विकत घ्यायचं

फायबर सिमेंट म्हणजे सिमेंट, सिलिका आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू यांचा दाबून, वाफेच्या भट्टीत पक्का केलेला बोर्ड. त्याला वाळवी लागत नाही, तो कुजत नाही आणि पेट घेत नाही. हा शेवटचा गुण हलक्यात घेऊ नका. २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. ती आग बाहेरच्या भिंतीवर पसरली ती पॉलिथिनचा गाभा असलेल्या ॲल्युमिनियम पॅनेलमुळे. आपल्याकडे दुकानांच्या दर्शनी भागाला सर्रास जे एसीपी, म्हणजे असेच ॲल्युमिनियमचे पॅनेल, लावतात, त्यातल्या स्वस्त मालाचा गाभाही प्लॅस्टिकचाच असतो. घराला ते लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात ‘सिमेंट शीट’ एवढंच म्हणालात तर काहीही हातात पडू शकतं. तीन गोष्टी नेमक्या विचारा.

पहिली, माल ॲस्बेस्टॉसविरहित आहे का. ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आपल्याकडे अजूनही कायदेशीररीत्या विकले जातात, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही करडेच दिसतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत गेले तर कर्करोग होतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात आता वाद नाही. म्हणून बोर्डावरचा छाप बघा आणि ‘नॉन-ॲस्बेस्टॉस’ हे शब्द बिलावर लिहून घ्या.

दुसरी, बोर्ड बाहेरच्या वापराचा आहे का. सपाट फायबर सिमेंट शीटसाठी भारतीय मानक आहे आयएस १४८६२. त्यात ‘टाइप ए’ म्हणजे ऊन-पाऊस थेट झेलणारा आणि ‘टाइप बी’ म्हणजे आतल्या कामाचा. पार्टिशन आणि फॉल्स सीलिंगसाठी जो बोर्ड ढिगाने विकला जातो तो पुष्कळदा आतल्या कामाचाच असतो. दर कमी लागतो म्हणून तोच बाहेर लावणारे महाभाग आहेत. दोन पावसाळ्यांत कडा फुगून पापुद्रे सुटायला लागतात.

तिसरी, जाडी. ८ मिमीपेक्षा पातळ बोर्ड बाहेर लावू नका. ६ मिमीचा लावता येतो असं दुकानदार सांगेल, आणि आडोशाच्या भिंतीला तो कदाचित चालेलही. पण पश्चिमेच्या भिंतीवर चेंडू आपटतो, शिडी टेकते, नारळ पडतो.

आकार दोन प्रकारचे मिळतात. एक म्हणजे ८ फूट बाय ४ फुटांचा सपाट बोर्ड. ८ मिमी जाडीचा असा एक बोर्ड साधारण ३० किलोचा भरतो, उचलायला दोन माणसं लागतात. दुसरा म्हणजे साधारण ८ इंच रुंदीची लांब पट्टी. तिला बाजारात प्लँक म्हणतात. कौलांसारखी खालच्या पट्टीवर वरची पट्टी चढवत ती लावायची. नवख्या माणसाने आणि नवख्या मिस्त्रीने प्लँकच घ्यावी. पाणी आपोआप बाहेर पडतं, तुटली तर एकच बदलता येते, आणि ६ किलोची पट्टी परांचीवर एकाच्या हातात सहज राहते. मोठे बोर्ड दिसायला आधुनिक वाटतात, पण त्यांचे उघडे सांधे नीट राखणं हे सरावलेल्या हाताचं काम आहे. पुढचं सगळं प्लँक धरूनच सांगतो.

हिशेब

समजा भिंत २४ फूट लांब, १० फूट उंच, आणि तिला ४ बाय ४ च्या दोन खिडक्या. पट्टी २०० मिमी रुंद आणि ३ मीटर लांब. पट्टीवर पट्टी ३० मिमी चढणार, म्हणजे प्रत्येक पट्टीचा दिसणारा भाग १७० मिमी. १० फूट म्हणजे सुमारे ३,०५० मिमी. त्याला १७० ने भागलं की १८ ओळी. एका ओळीला जवळपास अडीच पट्ट्या, म्हणजे ४४ पट्ट्या. खिडक्यांच्या ६ वजा केल्या की ३८. तुटफुटीला दहा टक्के धरा, ४२ मागवा.

क्षेत्रफळावरून पट्ट्या काढू नका. दोन ब्रासची (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट) भिंत आहे म्हणून दोन ब्रास माल मागवला तर चढवणीतच सातवा भाग खपतो, आणि शेवटच्या तीन ओळींसाठी पुन्हा टेम्पो बोलवावा लागतो. दर मागताना फ्रेम, स्क्रू, कोपरापट्ट्या, सीलंट, रंग आणि परांची यांचे आकडे वेगवेगळे मागा. ‘सगळं मिळून चौरस फुटाला इतके’ या भावात काटछाट नेहमी स्क्रू आणि फ्रेममध्ये होते, कारण ते नंतर दिसत नाहीत.

माल आला की सपाट जागी, लाकडाच्या आडव्या फळ्यांवर, एकावर एक आडवा रचा आणि ताडपत्रीने झाका. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला बोर्ड वाकतो. उचलताना मात्र उभ्या कडेवर धरून न्यायचा. आडवा धरला की मधोमध लवतो आणि कडकन मोडतो. ओला झालेला बोर्ड वाळल्याशिवाय चढवायचा नाही, कारण तो वाळताना आकसतो आणि सांधे उघडे पडतात.

फ्रेम: खरं काम इथे आहे

आडव्या पट्ट्यांना फ्रेमचे दांडे उभे हवेत. दांडे आडवे ठोकले तर प्रत्येक दांडा पोकळीत बांध घातल्यासारखा होतो, वारा वर चढत नाही आणि पाणी त्यावर साचतं.

दोन दांड्यांमधलं अंतर पट्टीच्या लांबीवरून ठरवा, कारण दोन पट्ट्यांचा जोड दांड्यावरच यायला हवा. सवयीने ४०० मिमी अंतर धरणारे मिस्त्री इथेच अडकतात: ३,००० भागिले ४०० म्हणजे साडेसात, जोड अधांतरी लोंबतो. ५०० मिमी धरलं की बरोबर सहा भाग पडतात. १२ फुटी पट्टी, म्हणजे ३,६६० मिमी, असेल तर ६१० मिमी. पण वाऱ्याच्या भिंतीवर मी त्याचं निम्मं, ३०५ करीन. आपल्या २४ फुटांच्या भिंतीला ५०० मिमीने १६ दांडे लागतील. खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणि कोपऱ्यांना जादा दांडे वेगळे धरा. लागोपाठच्या ओळींचे जोड एकाच दांड्यावर येऊ देऊ नका.

दांडे कशाचे? फॉल्स सीलिंगचे अर्धा मिलिमीटर जाडीचे चॅनेल बाहेर वापरायचे नाहीत. त्यावर झिंकचा थर पातळ असतो आणि खारा वारा तो बघता बघता खातो. जीआय, म्हणजे झिंकचा थर चढवलेलं लोखंड, घ्यायचं तर चौरस मीटरला २७५ ग्रॅम झिंकचा थर असलेलं घ्या; समुद्राजवळ ॲल्युमिनियमचे सेक्शन उत्तम. गावचा फॅब्रिकेटर बहुधा जीआयचे चौकोनी पाइप वेल्डिंग करून द्यायला तयार असतो. वेल्डिंग झालं की त्या जागचं झिंक जळतं, गंज तिथून सुरू होतो आणि पुढच्या वर्षी पांढऱ्या भिंतीवर तांबडे ओघळ दिसायला लागतात. शक्य तिथे एल-अँगल (काटकोनात वाकवलेली धातूची पट्टी) आणि स्क्रूनेच जोडा. वेल्डिंग टळतच नसेल तर प्रत्येक टाका तारेच्या ब्रशने घासून त्यावर झिंकचा प्राइमर दोन हात मारून घ्या, आणि हे तुमच्यासमोर होऊ द्या.

आता चिऱ्याची भिंत. जांभा मऊ आणि भोकाभोकाचा दगड. काँक्रीटच्या सवयीने हॅमर चालू ठेवून ड्रिल मारलं की भोक वेडंवाकडं मोठं होतं आणि प्लग नुसता फिरत राहतो. हॅमर बंद करून साधं ड्रिल मारा, भोकातली भुकटी फुंकून काढा आणि ८० ते १०० मिमी लांबीचे नायलॉनचे फ्रेम फिक्सिंग (लांब प्लग आणि त्याचा स्क्रू) वापरा. चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक पाडू नका, दगडाच्या पोटात पाडा. पहिले तीन-चार बसवून झाले की एल-अँगलला पहार अडकवून जोर लावून बघा. हलला तर केमिकल अँकरचा (भोकात रसायन भरून चिकटवलेल्या बोल्टचा) खर्च करावाच लागेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात जे पत्रे उडवले ते बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वारा पत्रा दाबण्यापेक्षा ओढतो जास्त, आणि हा ओढा भिंतीच्या कोपऱ्यांना आणि वरच्या काठाला सर्वांत जोरात असतो. तिथे अँकर आणि स्क्रू दोन्ही दाट घ्या.

जुनी भिंत ओळंब्यात असेल अशी अपेक्षा धरू नका. वरपासून खालपर्यंत दोऱ्या सोडा, भिंतीचा सर्वांत पुढे आलेला पोटाचा भाग शोधा आणि तिथून २५ मिमी पुढे फ्रेमची रेघ धरा. बाकी ठिकाणी पोकळी जास्त होईल, होऊ द्या. लांबट भोकांचे एल-अँगल घेतले तर दांडा पुढे-मागे सरकवून एका रेघेत आणता येतो.

तळाशी पोकळीचं तोंड उघडंच ठेवायचं आणि त्याला बारीक भोकांची स्टीलची जाळी लावायची. जाळी विसरलात तर गांधीलमाश्या पहिल्याच वर्षी मुक्कामाला येतात, उंदीर आणि पाली त्यांच्या मागोमाग. वरही छपराखाली हवा सुटायला फट हवी.

पट्ट्या चढवणं

सुरुवात तळापासून. जमिनीपासून निदान ६ इंच वर पहिली रेघ मारा. पागोळ्यांचा तांबडा शिंतोडा किती उंच उडतो ते घराच्या जुन्या रंगावर लिहिलेलंच असतं. तो ६ इंचांच्या वर असेल तर रेघही वर घ्या. रेघ लेव्हल ट्यूबने दोन्ही टोकांना जुळवा. पहिली ओळ बोटभर तिरकी गेली तर वरच्या सतरा ओळी तो तिरकेपणा मिरवतात.

पहिल्या पट्टीच्या मागे त्याच बोर्डाची ३० मिमी रुंदीची कापलेली चिंधी लावा, म्हणजे तिचा उतार वरच्या पट्ट्यांसारखाच येतो. ओळींचं अंतर सारखं राहावं म्हणून १७० मिमीचा एक लाकडी ठोकळा करून घ्या. दर वेळी टेप लावण्यापेक्षा हात भराभर चालतो.

स्क्रूसाठी आधी भोक पाडा. कडेपासून १२ मिमीच्या आत स्क्रू नको, आणि कोपऱ्यापासून ५० मिमीच्या आत तर नकोच, टवका उडतो. डोकं बोर्डाच्या पातळीत आलं की थांबा. ड्रिलचा क्लच सैल ठेवला नाही तर डोकं आत घुसून बोर्ड भोवताली चिरतो, आणि त्या स्क्रूची पकड जवळपास शून्य होते. स्क्रू वरच्या काठाला मारले तर पुढच्या पट्टीखाली झाकले जातात आणि काम देखणं दिसतं. वाऱ्याच्या तोंडाला मात्र खालच्या काठालाही स्क्रू मारा, दिसले तर दिसू देत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे. समुद्राची गाज ऐकू येत असेल तर ३१६.

दोन पट्ट्यांच्या जोडात ३ मिमी फट ठेवा. खिडकीच्या चौकटीशी ६ मिमी. या उभ्या फटींत रंग धरणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं. आडव्या चढवणीत आणि तळाशी मात्र सीलंट लावायचं नाही. हौसेने सगळीकडे ट्यूब फिरवणारा कारागीर पाण्याची बाहेर पडायची वाटच बुजवतो. खिडकीच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी हवी, मागची कड भिंतीला सीलंटने बसवलेली आणि पुढची कड थोडी खाली झुकलेली, म्हणजे पोकळीतून उतरलेलं पाणी चौकटीत न शिरता बाहेर टपकतं. खिडकीजवळच्या गळतीच्या तक्रारी मी पाहिल्या तेव्हा ही पट्टी बहुधा नव्हतीच.

एसीचं बाहेरचं युनिट, डिश अँटेना, पाण्याच्या पाइपचे क्लिप यातलं काहीही बोर्डावर टांगायचं नाही. त्यांचे ब्रॅकेट थेट भिंतीत आणि पट्टीत त्यांच्यापुरतं भोक. म्हणून इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांना फ्रेमच्या आधी बोलवा.

कापताना

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. बोर्डात सिलिका असते, आणि कोरड्या ग्राइंडरने कापताना जो पांढरा ढग उठतो तो फुप्फुसात कायमचा बसतो. सिलिकोसिस बरा होत नाही. सरळ काप कार्बाइड टोकाच्या सुरीने दोन-चार वेळा रेघ ओढून, पट्टी कडेवर टेकवून मोडता येतो. धूळ नगण्य उडते. वळणदार कापाला यंत्र लागलं तर मोकळ्यावर, वाऱ्याची दिशा बघून, पाण्याची धार सोडत. पाणी आणि वीज एकत्र येणार असल्याने कनेक्शन आरसीसीबीवरून (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरून) घ्या. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क हवा, आणि तो मदतनीस पोरालाही द्या. पडलेली भुकटी झाडूने उडवू नका, ओली करून गोळा करा.

कापलेली प्रत्येक कड चढवण्याआधी प्राइमरने बंद करा. पाणी बोर्डात शिरतं ते मुख्यतः कडेतून.

रंग आणि त्यानंतर

सिमेंट अल्कधर्मी असल्याने ऑइल पेंट त्यावर टिकत नाही. अल्कली सोसणारा प्राइमर आणि त्यावर बाहेरच्या कामाच्या ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्या. प्राइमरचा एक हात बोर्डाच्या पाठीलाही, तोही जमिनीवर असतानाच. पाठीला रंग नाही आणि पुढे आहे असं झालं तर बोर्ड एका बाजूने ओल घेतो आणि वाकतो. ‘दिसत नाही तिथे रंग कशाला’ यावर वाद घालू नका, सरळ मजुरी वाढवून द्या.

हे सगळं दिवाळीनंतर काढायचं आणि आगोटीच्या गडबडीआधी संपवायचं काम आहे. मृग तोंडावर आल्यावर परांची बांधली तर सीलंट आणि रंग दोन्ही ओल्या हवेत होतील. विदर्भात पावसाऐवजी उन्हासाठी हेच क्लॅडिंग करता येतं, दुपारनंतर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला पोकळीचा आडोसा मिळतो. तिथे खाऱ्या वाऱ्याची चिंता नाही, त्यामुळे चांगलं जीआय पुरतं.

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास भिंतीकडे एकदा नीट बघा. शेवाळ मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा. गाड्या धुवायचा प्रेशर पंप खालून वर मारू नका, तो चढवणीतून पाणी थेट आत ढकलतो. फाटलेलं सीलंट कापून नवं भरा, तळाची जाळी मोकळी करा. आणि उरलेल्या चार-पाच पट्ट्या भंगारात देऊ नका. माळ्यावर सपाट ठेवा, रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर पेनाने त्यांच्या पाठीवर लिहून.